उतार

कॅप्सूल लहानशी आहे, गोल, दुधी रंगाची. बोटांत धरली की किंचित दबते, कारण आत तेल आहे आणि तेलात औषध बारीक करून मिसळलेलं आहे. डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर 'रात्री' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

"झोपायला जातानाच घ्यायची. दिवसा चुकूनही नाही. आणि घेतल्यावर गाडी चालवायची नाही."

"पण हे औषध गर्भाशयासाठी आहे ना?"

"हो."

"मग झोपेचा काय संबंध?"

"घेऊन बघा. पुढच्या वेळी तुम्हीच मला सांगाल," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

माझं वय ४८. पाळी दोन-दोन महिने गायब, मग तीन आठवड्यांत दोनदा, असं वर्षभर चाललेलं. रात्री घामाने उशी भिजायची. त्यासाठी इस्ट्रोजेन सुरू झालं, आणि नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं म्हणून त्याला आवर घालायला सोबत प्रोजेस्टेरॉन. चिठ्ठीपुरतं त्याचं काम एवढंच होतं.

पहिल्या रात्री कॅप्सूल घेऊन मी पुस्तक उघडलं. पाऊण तासाने लक्षात आलं की एकच ओळ आपण तिसऱ्यांदा वाचतोय. झोपेची गोळी मी पूर्वी घेतलेली आहे. तिची झोप डोक्यावर येऊन आदळते. ही तशी आली नाही. आधी जबडा सैल झाला. आपण दातांवर दात दाबून बसलोय हे मला तोवर माहीतच नव्हतं. मग खांदे उतरले. मग कुणाला काय उत्तर द्यायला हवं होतं याची मनात दिवसभर चाललेली उजळणी मध्येच कुठेतरी थांबली, आणि थांबली आहे हेसुद्धा मला उशिरा कळलं. पुस्तक छातीवर उपडं पडलं. डोळे मिटता मिटता वाटलं, ही सुस्ती आपल्या ओळखीची आहे.

कुठली, ते सकाळी आठवलं. मुलीच्या वेळचा तिसरा महिना. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत टेबलावर डोकं टेकलं की घंटा होईपर्यंत मी जगात नसायचे. हातापायांत शिसं भरल्यासारखं जड, पण मनावर काही भार नाही. बावीस वर्षांनी तीच गुंगी त्या कॅप्सूलमधून परत आली होती.

मी डॉक्टर नाही. रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे एखाद्या रेणूचं नाव कानावर पडलं की आधी त्याची आकृती काढून बघावीशी वाटते. प्रोजेस्टेरॉनची काढली. कोलेस्टेरॉलपासून बनणारा, चार कड्या एकमेकींना चिकटलेला सांगाडा, बाकी स्टेरॉइडांसारखाच. कॅप्सूल पोटात गेली की यकृतात आणि आतड्यात त्याच्यावर दोन एन्झाइम काम करतात. पहिलं एन्झाइम पहिल्या कडीतला दुहेरी बंध मोडून तिथे दोन हायड्रोजन बसवतं. दुसरं तिसऱ्या कार्बनवरच्या ऑक्सिजनकडे वळतं आणि त्याचा हायड्रॉक्सिल करून टाकतं. एकूण चार हायड्रोजनची भर. २१ कार्बन तेच, दोन ऑक्सिजन तेच. तयार झालेल्या रेणूचं नाव ॲलोप्रेग्नॅनोलोन.

त्यात एक बारकावा आहे, आणि तो मला फार आवडतो. तो हायड्रॉक्सिल कडीच्या खालच्या बाजूला वळून बसला तर रेणू मेंदूला शांत करतो. वरच्या बाजूला बसला तर तो गुण जातो. उलट वरचा रेणू खालच्याच्या कामात अडथळा आणतो. तेच अणू, तेवढेच अणू, फक्त एकाचं तोंड फिरलेलं. वर्गात मुलांना समघटक शिकवताना मी इतकी वर्षं कसली कसली उदाहरणं देत आले, आणि हे उदाहरण माझ्याच शरीरात होतं.

प्रोजेस्टेरॉनचं नाव गर्भधारणेवरून पडलं. १९२९ साली अमेरिकेत रॉचेस्टरला जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी गाभण सशिणींचे बीजांडकोश काढून टाकले. तसं केलं की गर्भ टिकत नाही. पण डुकरिणींच्या बीजांडकोशातल्या पीतपिंडाचा अर्क टोचला, तर टिकला. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर मागे जी रिकामी पुटकुळी उरते ती पिवळी पडते, तो पीतपिंड. एके काळी अनेकांच्या लेखी ती एक जखमेची खूण होती. १९३४ मध्ये वेगवेगळ्या चार गटांनी हा पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला. हजारो डुकरिणींचे बीजांडकोश गोळा करावेत तेव्हा काही मिलिग्रॅम हाती यायचे. गर्भ धरून ठेवणारा म्हणून तेव्हा त्याची जी ओळख ठरली, ती माझ्या चिठ्ठीपर्यंत तशीच चालत आली आहे.

मेंदूशी असलेलं त्याचं नातं मात्र १९४१ मध्येच दिसलं होतं. ताणावरच्या संशोधनामुळे पुढे जगभर नाव झालेले हान्स सेल्ये तेव्हा माँट्रियलमध्ये उंदरांना निरनिराळी स्टेरॉइड टोचून बघत होते. प्रोजेस्टेरॉनचा मोठा डोस दिला की उंदीर गाढ झोपायचे, भूल दिल्यासारखे. सेल्ये यांनी ते नोंदवलं, त्यावरून पुढे शिरेतून द्यायचं एक स्टेरॉइड भुलीचं औषधही निघालं. पण असं का होतं हे कळायला आणखी ४५ वर्षं जावी लागली. १९८६ मध्ये मारिया मायेव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रोजेस्टेरॉनपासून होणारे हे पदार्थ मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर थेट जाऊन काम करतात, बार्बिट्युरेट या झोपेच्या जुन्या औषधांसारखं.

गाबा हा मेंदूतला मुख्य 'जरा थांब' म्हणणारा निरोप. त्याचा रिसेप्टर म्हणजे चेतापेशीच्या भिंतीतलं एक दार, पाच तुकडे गोलाकार उभे करून मध्ये बोळ ठेवलेलं. गाबा येऊन बसला की दार उघडतं, क्लोराइड आत शिरतो, आणि ती पेशी पटकन पेटत नाही. दार लगेच मिटतंही. ॲलोप्रेग्नॅनोलोन दाराच्या फटीत पाचर मारून ठेवतं. उघडतो गाबाच, पण उघडलेलं दार जरा जास्त वेळ उघडं राहतं. मात्रा खूप वाढली तर गाबाशिवायही ते दार उघडू शकतं, आणि मग सेल्ये यांच्या उंदरांसारखी अवस्था होते. दोन पेशींच्या सांध्यापासून दूर, पेशीच्या उघड्या अंगावर या दारांचा एक खास प्रकार असतो; ती दारं सतत थोडी किलकिली असतात. ॲलोप्रेग्नॅनोलोनला ती विशेष दाद देतात. एकेका निरोपापेक्षा मेंदूची एकूण पातळीच ती खाली आणतात. कंदिलाची वात जरा कमी केली की अख्ख्या खोलीचा उजेड मऊ होतो, तसं काहीसं मला त्या रात्री पुस्तक घेऊन पडल्या पडल्या जाणवलं असणार.

आणि हे फक्त बायकांच्या बीजांडकोशातून येतं असंही नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-एमिल बोलिय यांना उंदरांच्या मेंदूत अशी स्टेरॉइड सापडली, जी शरीरातल्या ग्रंथी काढून टाकल्यावरही तिथे टिकून होती. म्हणजे मेंदू स्वतःच ती बनवत होता. १९८१ मध्ये त्यांनी त्यांना 'न्यूरोस्टेरॉइड' असं नाव दिलं. पुढे असंही दिसलं की उंदरांना पाण्यात पोहायला लावून ताण दिला, तर काही मिनिटांत त्यांच्या मेंदूतलं ॲलोप्रेग्नॅनोलोन वाढतं. घाबरलेला मेंदू स्वतःला शांत करायचं औषध स्वतःच तयार करतो. पुरुषांच्या शरीरातही हे घडतं; पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात बाईच्या रक्तात जेवढं प्रोजेस्टेरॉन असतं, साधारण तेवढं पुरुषाच्या रक्तात कायमच असतं. फरक असा की पुरुषाच्या अंगात त्याला दर महिन्याचा डोंगर, स्त्रीबीज सुटल्यावर चढायचा आणि पाळीआधी उतरायचा, नसतो.

मला खरं लिहायचंय ते या उताराबद्दल.

मी विशीत असताना एक वही ठेवली होती. तारखांची वही. पाळी आली की लाल टिंब. पुढे कधीतरी लाल टिंबांच्या अलीकडे पेन्सिलीने फुल्या मारायला लागले: ज्या दिवशी विनाकारण रडले, ज्या दिवशी भांडले, ज्या दिवशी खिडकीशी उभं राहून वाटलं की आपल्यावाचून कुणाचं काही अडणार नाही. ठरवून काही सिद्ध करायचं नव्हतं. पण वर्ष संपलं आणि पानं उलटून पाहिली तर फुल्यांचे घोस लाल टिंबांना लगटून बसले होते. बाविसाव्या-तेविसाव्या दिवसापासून सुरू, पाळीच्या दुसऱ्या दिवशी साफ बंद. जणू कुणी दिवा लावून जावा.

ती वही घेऊन मी एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी ती उघडलीही नाही. "सगळ्याच बायकांना होतं, मनावर घ्यायचं नाही," म्हणाले. रक्त तपासलं, सगळे हार्मोन ठीक निघाले. रिपोर्ट हातात घेऊन मी घरी आले ते जास्तच शरमिंदी होऊन. कारण रिपोर्ट ठीक म्हणजे दोष स्वभावाचा. घरात तर एक प्रश्न ठरूनच गेला होता. मी काहीही मनाविरुद्ध बोलले, मग ते कितीही रास्त असो, की समोरून यायचं, "तुझी तारीख जवळ आली का?" त्या प्रश्नानंतर माझं म्हणणं संपलेलं असायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुष्कळदा तारीख खरंच जवळ आलेली असायची.

रक्ताचा तो रिपोर्ट खोटा नव्हता, हे मला आत्ता आत्ता समजलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनोव आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या बायका घेतल्या आणि अजिबात त्रास नसलेल्याही घेतल्या. औषध देऊन बीजांडकोशांचं काम तात्पुरतं बंद केलं. त्रास असलेल्यांपैकी बऱ्याच जणींचा त्रास थांबला. मग त्यांना बाहेरून इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन दिलं, नेहमीच्या पाळीत असतं साधारण तेवढंच. त्रास परतला. त्याच मात्रेत तेच हार्मोन दुसऱ्या गटातल्या बायकांना दिलं, तर त्यांना काहीही झालं नाही.

हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. हार्मोन दोघींत सारखंच. रिपोर्ट दोघींचा 'ठीक'च येणार. वेगळा आहे तो ते झेलणारा मेंदू.

याच गटाने २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. बीजांडकोश असेच शांत करून त्रास थांबलेल्या बायकांना बाहेरून हार्मोन सुरू केले आणि तीन महिने एकाच पातळीवर चालू ठेवले. पहिल्या महिन्यात त्रास उसळला. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पातळी तेवढीच असूनही तो निवला. म्हणजे मेंदूला खुपत होता तो पातळीतला बदल. एकदा सपाटी आली की मेंदू सावरत होता. मेंदूचं जुळवून घेणं असंच चालतं: ॲलोप्रेग्नॅनोलोन वाढलं की तो आपल्या दारांचे तुकडे बदलतो, काही काढतो, काही वेगळ्या जातीचे बसवतो. आणि ते जुळतंय न जुळतंय तोच पातळी ढासळली, तर बदललेली दारं अचानक उघड्यावर पडतात. उंदरांमध्ये प्रोजेस्टेरॉन देऊन एकदम बंद केलं की अशी दारं तयार होतात आणि उंदीर जास्त भित्रे होतात, त्यांना झटकेही लवकर येतात. शेरिल स्मिथ यांनी १९९८ मध्येच ते दाखवलं होतं. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी सोडणाऱ्या माणसाच्या मेंदूत जे होतं, त्याच्याशी याचं साम्य आहे. विशीतली मी दर महिन्याला एक छोटं व्यसन सोडत होते, आणि मला कुणी ते सांगितलं नव्हतं.

काही जणींना तर उतारावर यायच्याही आधी, चढावरच त्रास सुरू होतो. स्वीडनमधल्या टोर्ब्योर्न बेकस्ट्रम यांनी बरीच वर्षं यावर काम केलं. त्यांचं निरीक्षण असं की ॲलोप्रेग्नॅनोलोनची मात्रा खूप कमी किंवा खूप जास्त असेल तेव्हा चिडचीड कमी असते. मधल्या मात्रेत, म्हणजे नेमकी पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात असते त्या मात्रेत, काही जणींचा मेंदू शांत व्हायचं सोडून उलट पेटतो. हीच जात असलेल्या इतर औषधांचंही असं होतं, दारूचंही होतं. एक घोट घेऊन काही माणसं भांडखोर होतात. पाळीआधीच्या या तीव्र त्रासाला २०१३ मध्ये मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र आजार म्हणून स्थान मिळालं. नैराश्यावरची सिरोटोनिन वाढवणारी औषधं यात काही दिवसांतच गुण देतात, एरवी त्यांना कितीतरी आठवडे लागतात. त्यामुळे ती फक्त त्या पंधरवड्यापुरतीही घेता येतात. माझी फुल्यांची वही कुणी उघडून पाहिली असती तर मला हा उपाय मिळाला असता का, हा विचार येतो आणि मी तो बाजूला सारते.

आता बाळंतपणाचं.

गर्भारपणात पहिले सात-आठ आठवडे प्रोजेस्टेरॉन पीतपिंडच पुरवतो, मग ते काम वार हातात घेते. एरवी पाळीच्या ऐन भरात अंग दिवसाला साधारण २५ मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन तयार करतं. शेवटच्या महिन्यांत वार जवळपास २५० तयार करते. त्याचे परिणाम सगळ्या अंगभर दिसतात. गर्भाशयाचे स्नायू कळ न काढता सैल राहतात. पण सैल करणारा हात एकदा फिरला की तो फक्त गर्भाशयावरून कसा फिरेल? आतडीही संथ होतात, जठराच्या तोंडची पकड सुटते, म्हणून छातीत जळजळतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र जास्त जागं होतं, म्हणून बाई बसल्या जागीही दीर्घ श्वास घेते आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. साध्या पाळीतही स्त्रीबीज सुटल्यावर अंगाचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने चढतं ते याच्यामुळेच. आणि या सगळ्यासोबत ॲलोप्रेग्नॅनोलोन चढत चढत जातं, शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत वर. पोटातल्या बाळालाही ते मिळतं. मेंढीच्या गर्भावरच्या प्रयोगांत ते बनवणारं एन्झाइम अडवलं तर पोटातलं कोकरू जास्त वेळ जागं राहायला लागलं. आपण बाळाला पोटात झोपलेलं समजतो, त्या झोपेला काही अंशी वारेने दिलेली ही गुंगी कारण असते.

मग बाळ येतं, पाठोपाठ वार पडते, आणि नऊ महिने चढलेला डोंगर काही दिवसांत पायाखालून जातो.

माझा चौथा दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. दुपार होती. मुलगी दुपट्यात गुंडाळलेली, मूठ गालाशी. तिची नखं इतकी बारीक होती की ती कापायची कशी या विचाराने मला रडू फुटलं. ते थांबेचना. आई आत आली, तिने काय झालं असं विचारलं नाही. बाळाला उचलून तिने स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "दूध आलं की डोळ्यांनाही पाणी येतं. रड तू. मी आहे इथे." संध्याकाळी ती बाबांना म्हणाली, "चौथा दिवस आहे तिचा, तिला आज काही विचारू नका." आईने प्रोजेस्टेरॉन हा शब्दही कधी ऐकला नसेल. पण चौथा दिवस तिला माहीत होता.

निम्म्याहून अधिक बाळंतिणींना हे रडू येतं आणि ते दोन आठवड्यांत ओसरतं. माझं ओसरलं. माझ्या एका मैत्रिणीचं ओसरलं नाही. बाळ झोपलेलं असतानाही ती जागी असायची, तिला बाळाबद्दल काही वाटेनासं झालं होतं, आणि ते कुणाला सांगायची तिला इतकी भीती होती की सात महिने ती हसत राहिली. तिला लोक म्हणायचे, एवढं गुटगुटीत बाळ आहे, मग तुला दुःख कसलं? मीही असंच काहीतरी म्हटलं होतं. ते मला आजही बोचतं.

२००० साली अमेरिकेतल्या त्याच मानसिक आरोग्य संस्थेतून आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. १६ बायका. आठ जणींना पूर्वी बाळंतपणानंतरचं नैराश्य येऊन गेलेलं, आठ जणींना नाही. आठ आठवडे सगळ्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन भरपूर देऊन गर्भारपणासारखी स्थिती आणली, आणि मग कुणालाही न कळवता ते बंद केलं. पूर्वी त्रास झालेल्या आठांपैकी पाच जणींचं मन खचलं. उरलेल्या आठांपैकी एकीचंही नाही. इथे बाळ नव्हतं, जागरण नव्हतं, घरची माणसं नव्हती. नुसता उतार होता. मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पाच जणी?" आणि पुन्हा गप्प झाली.

उतारामुळे होतं तर उतार हळू करता येईल का, या सरळ विचारातून औषध निघालं. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत ब्रेक्सॅनोलोनला मान्यता मिळाली. ते म्हणजे ॲलोप्रेग्नॅनोलोनच, शिरेतून सलग ६० तास दिलं जायचं; २०२४ च्या अखेरीस ते बंद झालं. बाई दवाखान्यात, सतत देखरेखीखाली, कारण गुंगी इतकी येऊ शकायची की शुद्ध हरपायची. पुष्कळ जणींचं मन त्या अडीच दिवसांतच वर आलं, हे विशेष. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच जातीची तोंडाने घ्यायची झुरानोलोन आली, रोज संध्याकाळी, १४ दिवस. ती सगळ्यांना लागू पडते असं नाही. पण या दोन औषधांआधी बाळंतिणीच्या नैराश्यासाठी म्हणून औषधच नव्हतं. इतर नैराश्याचीच औषधं तिला दिली जात. तिच्या दुखण्याचं स्वतःचं कारण आहे हे कुणीतरी मान्य केलं, मला याचंच मोल जास्त वाटतं.

अपस्मार असलेल्या काही बायकांना झटके नेमके पाळीच्या तोंडावर वाढतात, तेही याच उतारावर. त्यातल्या एकीची हकीगत डॉक्टर हर्झॉग आणि फ्राय यांनी २००३ मध्ये लिहिली. प्रोजेस्टेरॉनच्या उपचाराने तिचे झटके आटोक्यात होते. मग केस विरळ होतात म्हणून तिला फिनास्टेराइड दिलं गेलं, आणि झटके परतले. फिनास्टेराइड अडवतं ते नेमकं पहिल्या पायरीचं एन्झाइम, दुहेरी बंध मोडणारं. प्रोजेस्टेरॉन अंगात होतंच, पण पुढचं ॲलोप्रेग्नॅनोलोन होत नव्हतं. पाळीच्या तक्रारींवर सर्रास दिली जाणारी कृत्रिम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनसारखी औषधंही या वाटेने जात नाहीत. अस्तरावर ती चोख काम करतात, पण त्यांच्यापासून ॲलोप्रेग्नॅनोलोन बनत नाही. म्हणून 'प्रोजेस्टेरॉनची गोळी' असं मोघम ऐकलं तर नेमकी कुठली, हे विचारून घ्यावं.

एवढं सगळं वाचून माझ्यासारखीला हा रेणू म्हणजे संजीवनी वाटायला लागते, आणि तिथे मला स्वतःला थांबवावं लागलं. डोक्याला मार लागलेल्या उंदरांमध्ये माद्या नरांपेक्षा लवकर सावरतात, हे डोनाल्ड स्टाइन यांना दिसलं होतं. प्रोजेस्टेरॉन दिलं की मेंदूची सूज कमी होत होती. त्या आशेवर माणसांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्ही मिळून दोन हजारांच्या आसपास रुग्ण. डिसेंबर २०१४ मध्ये दोन्हींचे निकाल आले. काहीही फायदा नाही. किती वर्षांचं काम, किती जणांच्या घरच्यांनी जीव मुठीत धरून दिलेली संमती. त्या निकालांतला कोरडा तक्ता मला वाचवेना, पण तोही वाचला.

माझी ती वही अजून आहे. परवा मुलगी सुट्टीला आली होती, तिला दाखवली. तिच्या फोनवर तीच वही आहे, फक्त लाल टिंबं आपोआप पडतात. तिने माझी पानं एकेक करून पाहिली, फुल्यांवरून बोट फिरवलं. एका पानावर थांबून म्हणाली, "आई, इथे तू पेन्सिल इतकी दाबलीस की कागद फाटलाय."

रात्री ती कुठल्याशा फोनवरून तिच्या खोलीत भांडली आणि बाहेर येऊन माझ्या पलंगाच्या कडेला बसली. मी नुकतीच कॅप्सूल घेतली होती. तिचा जबडा घट्ट होता. भांडण कशावरून ते तिने सांगितलं, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. ते सगळं ऐकून झाल्यावर, तुझं बरोबर आहे असं सांगून झाल्यावर, मी विचारलं, "कितवा दिवस आज?"

"चोविसावा," ती म्हणाली आणि माझ्या उशीवर डोकं टेकलं. मी दिवा बारीक केला.